सोसायटीचा नियम मोडणाऱ्या सभासदाला दंड: ठराव, नोटीस, सुनावणी आणि वसुली

प्रश्न साताऱ्यातल्या गोडोली भागातल्या २४ फ्लॅटच्या सोसायटीचा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने पॅसेजमध्ये बुटांचं लाकडी कपाट आणि जुनी लोखंडी कॉट ठेवली आहे. तोंडी अनेकदा सांगून झालं, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून झालं. शेवटी कमिटीने दिवसाला ५०० रुपये दंड ठरवला आणि ४० दिवसांचे २०,००० रुपये मेंटेनन्सच्या बिलात टाकले. सभासद महिन्याचे १,२०० रुपये द्यायला तयार आहे, दंड मात्र देणार नाही म्हणतो. खजिनदार अपुरा चेक घेत नाहीत. आता त्याचं पाणी बंद करावं का, असा विचार चालू आहे.

पहिल्यांदा तातडीचं. पाणी बंद करू नका. चेक घ्या आणि मेंटेनन्सची पावती द्या. आणि २०,००० रुपयांची ती नोंद पुढच्या बिलातून काढून टाका, कारण ती उपनिबंधकांपुढेही (सहकार खात्याचे तालुक्याचे अधिकारी) टिकणार नाही आणि सहकार न्यायालयातही नाही. सभासदाची चूक नाही असा याचा अर्थ नाही. पॅसेज अडवणं ही चूक आहेच, आणि ती तुम्ही थांबवलीच पाहिजे. पण दंडाचा दर कमिटीने ठरवला, लेखी नोटीस दिली नाही, म्हणणं ऐकून घेतलं नाही आणि रक्कम उपविधीच्या, म्हणजे सोसायटीच्या नोंदवलेल्या नियमांच्या (बाय-लॉज), मर्यादेच्या चौपट गेली. यातली एक चूकसुद्धा दंड रद्द व्हायला पुरते.

कमिटीला असं वाटतं की इमारत आपण सांभाळतो म्हणजे दंड लावायचा अधिकारही आपलाच. तसं नाही. सोसायटीत सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ७२ तेच सांगतं. आणि सभेचाही दंडाचा अधिकार येतो तो नोंदवलेल्या उपविधींतून. म्हणून कपाटातून सोसायटीच्या मंजूर उपविधींची प्रत काढा. इंटरनेटवरची नको, निबंधक कार्यालयाचा शिक्का असलेली तुमची प्रत. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेले २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारले असतील तर १६५ क्रमांकाचा उपविधी वाचा. त्याहून जुने असतील तर क्रमांक आणि रक्कम वेगळी असू शकते, आणि तुम्हाला लागू आहे ती तुमच्या प्रतीतलीच.

१६५ व्या उपविधीचा क्रम असा आहे. कोणत्या भंगाला किती दंड, हे सर्वसाधारण सभा ठरवते. भंग झाला की कमिटीच्या सूचनेवरून सचिव तो सभासदाच्या नजरेस आणून देतो. तरीही भंग चालूच राहिला तर कारणे दाखवा नोटीस जाते. सभासदाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. त्यानंतर निर्णय, आणि सभेने ठरवलेल्या दराने आकारणी. एका आर्थिक वर्षात हा दंड ५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. तुमचा दिवसाला ५०० चा दर अकराव्या दिवशीच मर्यादा ओलांडतो. एकदा ५,००० झाले की त्या सभासदावर उरलेल्या वर्षात दबाव आणायला तुमच्या हातात दंड उरतच नाही. जबर दर लावणारी कमिटी आपलं हत्यार दहा दिवसांत बोथट करून घेते. दर कमी आणि चढता ठेवा, म्हणजे तो वर्षभर पुरतो.

तुमच्या प्रकरणात मात्र आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. आदर्श उपविधींत सामाईक जागेबद्दल स्वतंत्र तरतूद आहे. जिना, जिन्याची चौकी, पॅसेज, लिफ्ट, पार्किंग अशा जागा कोणाही सभासदाने स्वतःसाठी वापरायच्या नाहीत. वापरल्या तर अतिक्रमण काढायचं आणि जितका काळ अतिक्रमण होतं त्या काळासाठी मासिक मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम दरमहा द्यायची. तुमचा मेंटेनन्स १,२०० आहे, म्हणजे महिन्याला ६,००० रुपये. तीन महिन्यांचे १८,०००. रक्कम तुमच्या २०,००० च्या जवळपास येते, पण वाट कायद्याची आहे. ही तरतूद तुमच्या नोंदणीकृत प्रतीत असेल तरच ती वापरा. आणि एकाच कपाटासाठी १६५ खाली दंड आणि वर पाचपट आकारणी, असं दोन्ही लावू नका. वस्तू पाच वर्षांपासून तिथे असली तरी माझं मत असं की काळ मोजायचा तो हटवण्याची लेखी सूचना मिळाल्यावर दिलेली मुदत संपते त्या दिवसापासून. पाच वर्षं कमिटीने काही केलं नाही आणि आता एकदम पाच वर्षांची आकारणी काढली, हे कोणत्याही अधिकाऱ्यासमोर वाईट दिसतं.

इथे एक फाटा आहे, कारण सातारा-सांगलीत ज्यांना सरसकट सोसायटी म्हणतात त्यांपैकी पुष्कळ इमारती कागदावर सोसायटी नसतात. डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत अपार्टमेंट म्हणून जाहीर करणारा नोंदणीकृत दस्त, झालेलं असेल तर तुम्ही महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालचं अपार्टमेंट आहात. तिथे १६५ वा उपविधी लागू नाही. डिक्लरेशनला जोडलेल्या उपविधींत दंडाचा अधिकार दिला असेल तर आहे, नसेल तर नाही. उपविधी मोडणाऱ्या मालकाविरुद्ध मनाईहुकूम किंवा नुकसानभरपाई मागता येते. आणि कुठलीच नोंदणी झालेली नसेल, बिल्डरने नुसती वर्गणी गोळा करायला चार जण नेमलेले असतील, तर दंडाचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी नोंदणी करा. यापुढचं सगळं नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेबद्दल आहे.

आता सभा. दंडाचे दर ठरवायचा विषय विषयपत्रिकेवर स्पष्ट शब्दांत हवा. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात दंड घुसवलात तर तो ठराव लंगडा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरायचा नाही. गणपूर्ती (कोरम) दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांतला लहान आकडा. तुमच्या २४ सभासदांत ती १६ होते. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. ती लांब असेल तर दंडासाठी विशेष सभा घ्या, थांबू नका.

ठरावात काय लिहायचं, यावर बहुतेक ठिकाणी घाई होते. "नियम मोडणाऱ्यास योग्य तो दंड आकारण्यात यावा" असा ठराव म्हणजे कोरा कागद. भंगाचं वर्णन असं हवं की दोन वेगळ्या माणसांनी पाहिलं तरी दोघांचं उत्तर एकच येईल. "पार्किंगमध्ये शिस्त न पाळणे" नको; "नेमून दिलेल्या जागेबाहेर वाहन रात्रभर उभे करणे" हवं. "अस्वच्छता करणे" नको. "कचऱ्याची पिशवी घंटागाडीच्या वेळेव्यतिरिक्त पॅसेजमध्ये ठेवणे" हवं. साताऱ्यात पाणी ठरावीक वेळीच येतं, तिथे "पिण्याच्या पाण्याच्या पाइपने गाडी धुणे" आणि "सामाईक लाइनला परस्पर मोटर जोडणे" या दोन वेगळ्या ओळी करा, कारण दुसरीची हानी कितीतरी जास्त आहे आणि दरही जास्त हवा.

दर सुचवायचे तर कचरा, गाडी धुणे अशा किरकोळ भंगाला पहिल्या वेळी १०० रुपये, त्याच वर्षात दुसऱ्यांदा २५०, तिसऱ्यांदा ५००. सतत चालू राहणाऱ्या भंगाला, म्हणजे परवानगीशिवाय लावलेली जाळी किंवा दुसऱ्याच्या जागेत उभी गाडी, दिवसाचा दर न लावता आठवड्याचा लावा. आठवड्याला २५० धरले तर ५,००० गाठायला २० आठवडे मिळतात. तेवढ्या वेळात पुढची कायदेशीर पायरी चढता येते. ठरावात सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती हे आकड्यांत लिहा. आणि दर कोणत्या तारखेपासून लागू, ते लिहा. ती तारीख ठरावाच्या आधीची असूच शकत नाही. इतिवृत्ताचा मसुदा प्रत्येक सभासदाला, सभेला न आलेल्यालाही, पोचला पाहिजे. दंडाच्या वादात "मला ठरावच माहीत नव्हता" हे पहिलं वाक्य असतं.

नोटीस काढण्याआधी एकदा सगळ्या मजल्यांवर फिरा. हे काम टाळू नका. एकट्या तिसऱ्या मजल्याच्या कपाटावर नोटीस आणि चेअरमनच्या दारातल्या कुंड्यांच्या रांगेवर काही नाही, असं असेल तर तुमचं प्रकरण तिथेच संपलं. निवडून एकालाच धरलं हा बचाव सगळ्यात जास्त चालतो, कारण तो बहुधा खरा असतो. दोन कमिटी सदस्यांनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाऊन प्रत्येक अडथळ्याची यादी करायची, तारीख दिसेल असा फोटो काढायचा, आणि सगळ्यांना एकाच दिवशी एकाच मजकुराचं पत्र द्यायचं. निम्म्याहून जास्त वस्तू या एका पत्रानेच हलतात.

पाहणीत मोजमाप घ्या. पॅसेज किती रुंद, कपाट किती खोल, उरलं किती. ५ फुटांच्या पॅसेजमध्ये दीड फुटाचं कपाट असेल तर साडेतीन फूट उरतात, आणि वळणावर तेवढ्यात रुग्णाचं स्ट्रेचर फिरत नाही. "अडचण होते" या शब्दापेक्षा हे आकडे सुनावणीत जास्त बोलतात. आग लागल्यावर बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणं हा तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ चाही विषय आहे, आणि तो मुद्दा पत्रात जरूर घ्या. त्याच वेळी त्या सभासदाचा खरेदी करारनामा आणि मंजूर नकाशा बघा. कोपऱ्यातला पॅसेजचा तुकडा बिल्डरने त्या फ्लॅटसोबत लिहून दिला असेल तर तुमचा वाद वेगळाच आहे आणि तो दंडाने सुटणार नाही.

पहिलं पत्र साधं, सभ्य आणि मुदत देणारं हवं. काय ठेवलं आहे, कुठे, कोणत्या उपविधीविरुद्ध, कधीपर्यंत हलवायचं. १५ दिवस पुरतात. त्यात दंडाची धमकी नको, पण दर ठरवणाऱ्या ठरावाचा क्रमांक असू द्या. मुदत संपल्यावर पुन्हा पाहणी, पुन्हा फोटो. वस्तू तिथेच असेल तर कमिटीच्या बैठकीत ठराव करून कारणे दाखवा नोटीस. तिचा मजकूर साधारण असा:

"जा. क्र. … दिनांक …
प्रति, श्री. …, सभासद, फ्लॅट क्र. …
विषय: उपविधी भंगाबद्दल दंड का आकारू नये याबाबत कारणे दाखवा नोटीस.
महोदय, तिसऱ्या मजल्यावरील सामाईक पॅसेजमध्ये आपल्या दरवाजाच्या डाव्या बाजूस ठेवलेले लाकडी कपाट (सुमारे ४ फूट × दीड फूट) व लोखंडी कॉट १५ दिवसांत हलविण्याबाबत आपणांस दि. … च्या पत्राने कळविले होते. दि. … रोजी फेरपाहणी केली असता दोन्ही वस्तू त्याच जागी आढळल्या. यामुळे संस्थेच्या उपविधी क्र. … चा भंग होत आहे. दि. … च्या सर्वसाधारण सभेच्या ठराव क्र. … नुसार या भंगास … रुपये दराने आकारणी करता येते. ती का करू नये याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावा. आपले म्हणणे समक्ष मांडण्यासाठी दि. … रोजी सायंकाळी ७ वाजता संस्थेच्या कार्यालयात उपस्थित राहावे. तत्पूर्वी वस्तू हलविल्यास कळवावे, फेरपाहणी करून प्रकरण बंद करण्यात येईल.
व्यवस्थापक समितीच्या दि. … च्या ठराव क्र. … अन्वये, सचिव."

शेवटून दुसरं वाक्य काढू नका. तुम्हाला पैसे नकोत, पॅसेज हवा आहे. हे नोटिशीत दिसलं की सभासदालाही माघार घ्यायला जागा राहते, आणि उद्या प्रकरण वर गेलं तर संस्थेचा हेतू कागदावर दिसतो.

पोच हा स्वतंत्र विषय आहे, कारण निम्मी प्रकरणं इथे अडकतात. नोटीस हातोहात द्या आणि स्थळप्रतीवर नाव, सही, तारीख घ्या. घेतली नाही तर दोन सभासदांच्या सह्यांनी "नोटीस स्वीकारण्यास नकार" असा शेरा मारा आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. फ्लॅट बंद असेल, मालक पुण्या-मुंबईला असेल, तर सभासद नोंदवहीतल्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवा, दारावर चिकटवून फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर जोडीला पाठवायला हरकत नाही, पण एकट्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. आणि ग्रुपवर तर नकोच. सगळ्यांसमोर नाव घेऊन टाकलेला संदेश ही नोटीस होत नाही, बदनामीची तक्रार मात्र होऊ शकते.

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर नोटीस सभासदाला, प्रत भाडेकरूला. दंड नेहमी सभासदावर. भाडेकरूकडून सोसायटी थेट दंड घेऊ शकत नाही. त्या दोघांनी आपसात काय ठरवलंय तो त्यांचा करार. पण "भाडेकरूने केलं, मला काय माहीत" हा खुलासा सभासदाला वाचवत नाही.

सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे, पण चहा पीत गप्पाही नव्हेत. तक्रार करणारा शेजारी स्वतः कमिटीत असेल तर त्याने त्या विषयापुरतं निर्णयातून बाजूला राहायचं, आणि तो बाजूला राहिला असं इतिवृत्तात लिहायचं. फोटो आणि मोजमापं सभासदाला दाखवायची. त्याला बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. मग त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत प्रोसिडिंग बुकात उतरवून त्याची सही मागायची. नाही दिली तर तसं लिहायचं. तो आला नाही तर एकदा आणखी तारीख द्या, दुसऱ्यांदा आला नाही तर गैरहजेरीत निर्णय घ्या. निर्णयात त्याचा प्रत्येक मुद्दा का मान्य किंवा अमान्य, हे एकेका ओळीत यायला हवं. "समाधानकारक खुलासा न मिळाल्याने" एवढ्या चार शब्दांवर लावलेला दंड पुढे टिकवणं कठीण जातं.

खुलाशात काही वेळा खरंच अडचण निघते. घरातल्या आजारी माणसाची व्हीलचेअर पॅसेजमध्ये राहते, लिफ्ट लहान आहे, घरात वळत नाही. अशा वेळी दंडाचा हट्ट धरू नका. जिन्याखालची किंवा पार्किंगमधली दोन फुटांची जागा नेमून द्या आणि ठराव करा.

निर्णय झाल्यावर तो लेखी कळवा. उपविधीची भाषा निर्णय सर्वसाधारण सभेपुढे जावा अशा वळणाची आहे, म्हणून कमिटीने सुनावणीनंतर काढलेला निष्कर्ष पुढच्या सभेत मांडून मंजुरी घेणं सुरक्षित. आकारणी त्यानंतर. घाई वाटली तरी हा टप्पा गाळू नका.

बिलात दंड वेगळ्या ओळीत दाखवा आणि हिशोबात त्याचं वेगळं खातं ठेवा. सभासदाने भरलेली रक्कम आधी मेंटेनन्सला जमा करा. दंडाच्या वादापायी मेंटेनन्सचा चेक नाकारलात की थकबाकीदार तुम्ही त्याला बनवता, आणि पुढे व्याजही मागता येत नाही. मेंटेनन्सच्या थकबाकीवर सभेने ठरवलेलं सरळ व्याज घेता येतं, आदर्श उपविधींनुसार वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत. ते व्याज दंडावर चढवू नका. उलटही करू नका: मेंटेनन्स उशिरा भरला म्हणून व्याज आणि वर दंड, ही दुहेरी शिक्षा झाली.

तरीही दिला नाही तर? मेंटेनन्सच्या थकबाकीसाठी २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५४ब-२९ आहे. त्याखाली तालुक्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवता येतो. पूर्वी हे काम कलम १०१ खाली चालायचं. पण वादग्रस्त दंड त्या अर्जात घुसवला की साधी वसुलीही लांबते, कारण अधिकारी हिशोबाबरोबर दंडाचा अधिकार तपासत बसतात. माझा सल्ला, दोन्ही वेगळे ठेवा. मेंटेनन्स १५४ब-२९ खाली, आणि भंग थांबवण्यासाठी व दंडासाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद. तिथे मुख्य मागणी "अतिक्रमण काढण्याचा आदेश द्यावा" ही ठेवा, पैसे दुसऱ्या क्रमांकावर. वाद दाखल करायला कोणाला अधिकार दिला, त्याचा ठराव जोडायला विसरू नका.

५,००० ची मर्यादा संपली आणि भंग चालूच आहे, तरी मार्ग हाच. शिवाय भंगाच्या प्रकारानुसार दुसरी दारं उघडी असतात, आणि ती बहुधा दंडापेक्षा लवकर काम करतात. बाल्कनी भिंत पाडून आत घेतली, गच्चीवर शेड टाकली, तर ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालचं अनधिकृत बांधकाम. साताऱ्यात नगरपरिषदेला, सांगलीत सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेला लेखी कळवा. रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान डीजे लावला तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ११२ वर फोन करायला सोसायटीचा ठराव लागत नाही. सभासदाला संस्थेतून काढून टाकण्याचं कलम ३५ सुद्धा आहे, पण त्याला हजर व मतदान करणाऱ्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताचा ठराव आणि निबंधकांची मान्यता लागते. एका कपाटासाठी ते नाव काढू नका.

काही गोष्टींना दंड लावूच नका. कुत्रा पाळला म्हणून दंड हा ठराव पडतो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना पाळीव प्राण्यांवर बंदी घालायला सोसायट्यांना मनाई करतात, आणि घाण उचलण्याबाबतही सक्तीच्या दंडाऐवजी विनंतीचा मार्ग सांगतात. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांवर दंड लावण्याआधी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ वाचा. खाऊ घालण्याची जागा नेमून देण्याची जबाबदारी त्यांनी सोसायटीवरच टाकली आहे. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल दंड नाही. त्यासाठी बिनभोगवटा शुल्क आहे, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. आणि गळती. वरच्या फ्लॅटमधून खाली पाणी गळतं म्हणून वरच्याला दंड, हे सर्रास होतं आणि बऱ्याचदा चुकीचं असतं. आधी प्लंबरकडून उगम शोधा: वरच्या बाथरूमची मोरी बंद करून २४ तास रंगीत पाणी साठवून ठेवा, खाली रंग उतरतो का बघा. उतरला नाही तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येतंय, आणि ती दुरुस्ती सोसायटीच्याच गळ्यात आहे.

वस्तू स्वतः उचलून फेकू नका. कॉट हलवली आणि सभासदाने चोरीची तक्रार दिली, तर दंडाचं सगळं प्रकरण बाजूला पडतं आणि कमिटी पोलीस ठाण्यात बसते. याला एक अपवाद सांगलीच्या सोसायट्यांनी उपनियमातच करून ठेवायला हवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पार्किंगमध्ये ठेवलेलं सामान तरंगून मीटरच्या खोलीवर आणि पंपावर जाऊन आदळतं, हे नदीकाठच्या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे नियम असा करा, की आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ३५ फुटांवर गेली की पार्किंगमधलं सगळं खासगी सामान आणि बंद वाहनं १२ तासांत हलवायची. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, त्यामुळे ३५ ला हाती वेळ राहतो. मुदतीत न हलवल्यास सोसायटी दोन साक्षीदारांसमोर यादी व फोटो करून सामान वरच्या मजल्यावर नेईल आणि हमालीचा प्रत्यक्ष खर्च सभासदाच्या बिलात टाकेल, असं सभेत मंजूर करून ठेवा. पुराच्या दिवशी दंडाचा विचारही नको. त्या दिवशी सामान हलणं महत्त्वाचं आणि खर्चाची पावती जपणं महत्त्वाचं.

तुमच्यापुरता क्रम सांगायचा तर या आठवड्यात २०,००० ची नोंद रद्द केल्याचं पत्र आणि मेंटेनन्सची पावती त्या सभासदाला द्या. पत्रात माफीनामा नको, "प्रक्रिया पूर्ण न झाल्याने ही आकारणी मागे घेण्यात येत आहे; भंगाबाबतची कार्यवाही उपविधींनुसार स्वतंत्रपणे सुरू राहील" एवढी एक ओळ पुरे. त्याच दिवशी विशेष सभेची नोटीस काढा. सभा होईपर्यंत सगळ्या मजल्यांची पाहणी उरकून ठेवा, म्हणजे ठराव झाला की दुसऱ्या दिवशी पत्रं जातील. पत्राचे १५ दिवस, नोटिशीचे १५ दिवस आणि सुनावणी धरली तर सभेपासून साधारण दीड महिन्यात कमिटीचा निष्कर्ष तयार होतो. आकारणी त्यानंतरच्या सभेच्या मंजुरीने. मधल्या काळात तो फ्लॅट विकायला निघाला आणि थकबाकीचा दाखला मागितला, तर ठरलेला दंड दाखवा, न ठरलेला दाखवू नका. फक्त "सामाईक जागेतील अतिक्रमणाबाबत कार्यवाही प्रलंबित" असं लिहा. नवा घेणारा ते वाचून कपाट आणि कॉट आधी हलवायला लावेल.